गोळीचा जमाखर्च : मेंदूच्या विकारांवरील औषधे कशी कार्य करतात

वार्षिक अहवालात आरोग्यविषयक एक तरी अभ्यासलेख असावा, म्हणजे अहवाल केवळ आकड्यांचा न राहता वाचकांच्या घरीही उपयोगी पडतो, अशी आमची भूमिका आहे. यंदा आम्ही मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांवरील औषधांचा विषय घेतला आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे औषधशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार आमचा नाही, याची जाणीव आहे. रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून जे समजून घेतले, तेच येथे हिशेबनिसाच्या भाषेत मांडले आहे. हे समजून घेण्याची निकड आम्हांस का वाटली, हे प्रथम सांगणे आमचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वीच्या मार्चअखेरीची गोष्ट. वर्षाचा ताळेबंद तयार होत होता. शिल्लक साठा कमी दिसावा, या हेतूने आम्ही औषध खरेदीच्या काही मागण्या एप्रिलवर ढकलल्या. त्यांत फिनोबार्बिटोन नावाची, मिरगीवर दिली जाणारी अत्यंत स्वस्त गोळी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून मजुरी करणारी एक माता आपल्या मुलीची गोळी नेण्यासाठी आली. साठा संपला होता. पुढच्या बाजाराच्या दिवशी या, असे तिला औषधालयाच्या खिडकीवर सांगण्यात आले. दोन वर्षे त्या मुलीला एकही झटका आलेला नव्हता. आठव्या दिवशी ती मुलगी चुलीपुढे बसली असता तिला झटका आला आणि तिचा डावा हात विस्तवात गेला. पुढे ती आमच्याच कक्षात उपचारासाठी दाखल झाली. मुलगी वाचली, हातही वाचला, परंतु व्रण राहिला. माता रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "तुम्हीच तं म्हणलं व्हतं साहेब, बाजाराच्या दिवशी या म्हणून."

पुढे ढकललेल्या त्या खरेदीची रक्कम आणि मुलीच्या मलमपट्टीचा खर्च आम्ही वहीत शेजारी शेजारी मांडून पाहिला. त्या दोन आकड्यांतील तफावत पाहून आम्हांस जी शरम वाटली, तिच्यातून हा अभ्यास सुरू झाला. गोळी चुकल्यावर दुसऱ्या दिवशी काही झाले नाही, चौथ्या दिवशी काही झाले नाही, मग आठव्याच दिवशी का, हा आमचा पहिला प्रश्न होता.

मेंदूतील देवघेव

मानवी मेंदूत अब्जावधी मज्जापेशी असतात. एका पेशीच्या आत संदेश विजेच्या रूपाने धावतो. पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. ती उघडली की सोडियमचे कण आत शिरतात आणि विजेची लहर पुढे सरकते. पण दोन पेशींच्या मध्ये बारीक फट असते. ती ओलांडण्यासाठी पेशी एक रसायन सोडते व पुढील पेशी ते स्वीकारते. या रसायनांना संदेशवाहक म्हणतात. ग्लुटामेट हा संदेशवाहक पुढील पेशीला उत्तेजित करतो, तर गाबा हा तिला आवरतो. याखेरीज डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन हे संदेशवाहक हालचाल, झोप, भूक, उत्साह, भीती इत्यादींशी निगडित आहेत.

उत्तेजन आणि आवर यांचा मेळ म्हणजे मेंदूचे स्वास्थ्य, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मज्जासंस्थेवरील बहुतेक औषधे याच मेळात हस्तक्षेप करतात. काही औषधे पेशीची दारे आवरतात, काही गाबाचे बळ वाढवतात, काही एखादा संदेशवाहक पुरवतात, तर काही त्याचा स्वीकार अडवतात.

मात्र मेंदूपर्यंत पोहोचणे सोपे नसते. रक्तातील प्रत्येक पदार्थ मेंदूत शिरू नये, यासाठी निसर्गाने रक्तवाहिन्यांच्या भिंती तेथे विशेष घट्ट विणलेल्या आहेत. हा बंदोबस्त ओलांडू शकेल असेच औषध मेंदूच्या विकारात उपयोगी पडते. पुढे कंपवाताच्या औषधाविषयी लिहिताना या भिंतीचा पुन्हा उल्लेख येईल.

मिरगीवरील औषधे

मिरगी, फेफरे, फिट, झटके अशा नावांनी ओळखला जाणारा अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मज्जापेशींचा एखादा समूह एकाच वेळी, आवर न राहता, विजेचे संदेश सोडू लागतो तेव्हा झटका येतो. ही बाहेरची बाधा नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि तो स्पर्शाने पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात.

या औषधांचा इतिहास फार जुना नाही. १८५७ साली लंडनचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग नोंदवला. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फिनोबार्बिटोनचा गुण आढळला. हे औषध गाबाचे आवरण्याचे कार्य बळकट करते. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. स्वस्ताई आणि दिवसातून एकदाच घेण्याची सोय हे त्याचे मोठे गुण होत. सुस्ती, आणि काही मुलांत चिडचिड किंवा अभ्यासात मंदपणा, हे त्याचे दोष होत.

१९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटोइनचा उपयोग सिद्ध केला. हे औषध सोडियमच्या दारांवर कार्य करते. नेहमीच्या गतीने जाणाऱ्या संदेशाला ते फारसे अडवत नाही, परंतु पेशी अतिवेगाने वारंवार पेटू लागली की दारे लवकर उघडू देत नाही. म्हणून झटका आवरतो आणि रुग्ण जागा राहतो. कार्बामाझेपीन याच मार्गाने कार्य करते. सोडियम व्हॅल्प्रोएटची गोष्ट गमतीची आहे. हे रसायन १८८२ सालीच तयार झाले होते, पण इतर पदार्थ विरघळवण्यासाठी वापरले जाई. १९६०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये काही नव्या पदार्थांची परीक्षा सुरू असताना, त्यांत काही साम्य नसूनही प्रत्येकाचा झटक्यांवर गुण दिसू लागला. अखेर लक्षात आले की गुण पदार्थांचा नसून ते ज्यात विरघळवले त्या द्रवाचा होता. लेव्हेटिरासिटाम हे अलीकडचे औषध. मज्जापेशीच्या टोकाशी संदेशवाहकांच्या ज्या इवल्या पिशव्या असतात, त्यांवरील एका प्रथिनाला ते चिकटते.

कोणत्या रुग्णास कोणते औषध द्यावे, हे झटक्याचा प्रकार, वय, इतर आजार आणि स्त्रीरुग्ण असल्यास मातृत्वाचा विचार करून डॉक्टर ठरवतात. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भातील बालकाच्या शरीराच्या व बुद्धीच्या वाढीस धोका असतो. म्हणून उपवर मुलीच्या वा विवाहितेच्या कुटुंबाने डॉक्टरांना हे आधीच सांगावे. मात्र दिवस राहिल्याचे कळताच कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये, कारण झटकाही माता व बालक दोघांना घातक ठरतो.

घसाऱ्याचे गणित

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. औषध शरीरात गेल्यावर ते रक्तात मिसळते, यकृत त्याचे रूपांतर करते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळास औषधशास्त्रात अर्धायुष्य म्हणतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही कल्पना समजावून सांगितली, तेव्हा ती आम्हांस चांगलीच ओळखीची वाटली. यंत्रसामग्रीचा घसारा काढण्याची घटत्या शिलकेची पद्धत आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो. तीत मूळ किमतीवर नव्हे, तर उरलेल्या शिलकेवर दरवर्षी ठराविक टक्के घसारा लागतो. औषधाचेही तसेच आहे.

प्रौढ माणसात फिनोबार्बिटोनचे अर्धायुष्य सुमारे चार दिवसांचे असते. नियमित गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील पातळी १०० धरली, तर गोळी बंद झाल्यावर चार दिवसांनी ५०, आठ दिवसांनी २५, बारा दिवसांनी साडेबारा अशी ती उतरत जाते. लहान मुलांत हा वेग अधिक असतो. म्हणजे त्या मुलीची गोळी चुकली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत तिला आदल्या गोळ्यांच्या शिलकेने सांभाळले होते. आठव्या दिवशी शिल्लक चतुर्थांशावर आली. त्यातच, ज्या मेंदूस दोन वर्षे गाबाच्या जादा आधाराची सवय झाली होती, त्याचा तो आधार ओसरला, आणि अशा वेळी मेंदू पूर्वीपेक्षाही अधिक पेटण्यास प्रवृत्त होतो. आठव्या दिवसाचे उत्तर हे असे होते.

हाच हिशेब उलट दिशेनेही लागू पडतो. औषध सुरू केल्यावर एका अर्धायुष्याने अंतिम पातळीच्या ५० टक्के, दुसऱ्याने ७५, तिसऱ्याने साडेसत्त्याऐंशी, चौथ्याने सुमारे ९४ टक्के पातळी गाठली जाते. फिनोबार्बिटोनला पूर्ण पातळीवर येण्यास अशा रीतीने सुमारे तीन आठवडे लागतात. आठवडाभर गोळी देऊन गुण नाही म्हणून ती सोडणारे कुटुंब औषधाची परीक्षा अर्ध्यावरच सोडते.

याउलट लेव्हेटिरासिटामचे अर्धायुष्य प्रौढांत सहा ते आठ तासांचे आहे. म्हणून ते सामान्यतः दिवसातून दोनदा घ्यावे लागते आणि त्याची एक-दोन वेळ चुकली तरी फरक लवकर पडतो. दिवसातून एकदा आणि दोनदा या सूचनांमागे डॉक्टरांची लहर नसून हा हिशेब असतो.

फेनिटोइनची चाल आणखी निराळी. कापूस खरेदी केंद्रावरील काट्याचे उदाहरण घ्यावे. काटा दिवसाला ठराविक गाड्याच मोजू शकतो. गाड्या त्या मर्यादेत असतील, तर सायंकाळी अंगण रिकामे होते. रोज चार गाड्या जास्त येऊ लागल्या, तर रांग रोज वाढत रस्त्यापर्यंत जाते. फेनिटोइनचे रूपांतर करणारी यकृतातील यंत्रणा अशाच मर्यादेपाशी कार्य करीत असते. म्हणून मात्रा थोडीच वाढवली, तरी रक्तातील पातळी एकदम चढू शकते. मग डोळे थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसतात. एक गोळी विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी तीन गोळ्या घेणे, हा म्हणूनच उपाय नव्हे.

मुंबईच्या रुग्णालयातून जगभर गेलेली एक मुळी

मिरगीची औषधे बहुतांशी परदेशात जन्मली. परंतु मनाच्या विकारांवरील औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचा आणि आपल्या राज्याचाही वाटा आहे, हे आपणांस सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदास पूर्वापार ज्ञात होती. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण असल्याचे लिहिले. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेची पद्धतशीर चाचणी केली आणि १९४९ साली ती ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यानंतर जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५४ च्या सुमारास ते अमेरिकेतील मनोरुग्णालयांत वापरले जाऊ लागले. डॉ. वकील यांना १९५७ साली प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार लाभला.

रिसर्पिन आज मनोविकारांसाठी सहसा वापरले जात नाही. तथापि त्याने शास्त्रज्ञांना दोन मोठे धडे दिले. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण उदास होत असल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या. हे औषध मज्जापेशींच्या साठ्यातील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन व डोपामिन रिकामे करते, असे आढळले. आमच्या भाषेत सांगायचे, तर गोदामच रिते होते. मनाच्या अवस्थेचा रसायनांशी संबंध आहे, या विचारास त्यामुळे चालना मिळाली.

दुसरा धडा कंपवाताचा. १९५७ साली स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निश्चल झालेल्या प्राण्यांना लेव्होडोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० साली व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट असल्याचे दिसून आले आणि १९६१ साली लेव्होडोपाचा पहिला प्रयोग रुग्णांवर झाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे मघाशी उल्लेखिलेली भिंत महत्त्वाची ठरते. डोपामिन थेट दिले, तर ते मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. ते वाटेतच खर्ची पडू नये, म्हणून त्याच्या जोडीस कार्बिडोपा दिले जाते. हे औषध प्रथिनांच्या पदार्थांसोबत घेतल्यास शोषणात स्पर्धा होते. म्हणून ते शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी घेण्यास सांगतात. आपल्या शिवारात आढळणाऱ्या खाजकुइलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा असते, हे भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखवले होते. तरीही बिया कुटून घरी औषध करू नये. बीमध्ये द्रव्य किती आहे, हे डोळ्यांना दिसत नाही आणि जेथे मात्रा कळत नाही, तेथे हिशेब चुकतो.

मनाचे विकार

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध तीव्र मनोविकारांत वापरले गेले आणि मनोरुग्णालयांचे स्वरूप बदलण्यास प्रारंभ झाला. हे व या प्रकारातील पुढील औषधे डोपामिनचा स्वीकार अडवतात. त्यामुळे भास व संशय कमी होतात, पण हालचालींसाठी लागणारे डोपामिनही अडले, तर हात थरथरणे, अंग आखडणे असे त्रास उद्भवतात. कंपवातात डोपामिन पुरवावे लागते आणि येथे ते अडवावे लागते. दोन्ही विकारांची लक्षणे एकमेकांच्या औषधांच्या दुष्परिणामांत का दिसतात, हे यावरून ध्यानी येईल. असे त्रास दिसल्यास गोळी न सोडता डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते.

नैराश्यावरील फ्लुओक्सेटिनसारखी औषधे सेरोटोनिन पेशीत परत ओढले जाणे कमी करतात. ही क्रिया पहिल्या गोळीपासून सुरू होते, परंतु रुग्णास बरे वाटण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. मेंदूस नव्या स्थितीशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची तूट, असे सरळ समीकरण आता तज्ज्ञ मांडत नाहीत. औषधाबरोबरच समुपदेशन, घराचा आधार आणि कर्ज-पाण्याच्या विवंचनेत मदत या गोष्टी तितक्याच आवश्यक असतात. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः तरुण रुग्णांत, अस्वस्थता वा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. तेव्हा कुटुंबाने रुग्णास एकटे सोडू नये व तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

विदर्भातील शेतकरी कुटुंबांना या विषयाची दाहकता निराळी सांगावयास नको. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प राबवण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. प्रारंभी नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत होते. गावातील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केलेल्या कार्यानंतर १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. औषध ठाऊक असणे निराळे आणि ते माणसापर्यंत पोहोचणे निराळे, हे या आकड्यांतून दिसते. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

आपल्या भागासाठी काही दक्षता

औषधशास्त्राचे नियम सर्वत्र सारखे असले, तरी हवा, पाणी आणि चालीरीती प्रत्येक भागाच्या निराळ्या असतात. म्हणून आपल्या तालुक्याच्या दृष्टीने पुढील गोष्टी आम्ही आवर्जून नमूद करतो.

उन्हाळा : आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. मनोविकारांवरील काही औषधे आणि त्यांच्या जोडीस दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी घाम कमी करतात. अशा रुग्णास भर दुपारी शेतात पाठवू नये.

पाणी आणि मूत्रपिंड : द्विध्रुवी मनोविकारात दिले जाणारे लिथियम जवळजवळ संपूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. गुणकारी पातळी आणि घातक पातळी यांत फार थोडे अंतर असते. अंगातील पाणी कमी झाले, जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेतल्या, तर पातळी चढते. खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या तक्रारी अनेक वर्षांपासून चर्चेत आहेत. म्हणून रक्ताच्या तपासण्या टाळू नयेत. लेव्हेटिरासिटामची मात्राही मूत्रपिंडाची क्षमता पाहूनच ठरवली जाते.

क्षयरोगाची औषधे : रिफॅम्पिसिन यकृताचा वेग वाढवून अनेक औषधांची पातळी उतरवते, तर आयसोनियाझिड फेनिटोइनची पातळी चढवते. दोन ठिकाणी उपचार सुरू असतील, तर दोन्हीकडची कागदपत्रे व गोळ्या सोबत आणाव्यात. कार्बामाझेपीनमुळे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा प्रभाव घटतो, हेही विवाहित भगिनींनी लक्षात ठेवावे. कोणतेही नवे औषध सुरू झाल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड वा ताप आल्यास त्याच दिवशी दाखवावे.

उपवास आणि यात्रा : एकादशी असो, नवरात्र असो वा रमजान, उपवासाच्या काळात गोळीच्या वेळा कशा ठेवाव्यात हे आधी विचारून घ्यावे. आपल्या जिल्ह्यातील सैलानीच्या यात्रेस अनेक कुटुंबे आपल्या रुग्णास घेऊन जातात. कोणाच्याही श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. आमची विनंती इतकीच की, जितके दिवस बाहेर राहाल, तितक्या दिवसांच्या आणि वर आठ दिवसांच्या गोळ्या सोबत घ्याव्यात.

झटका आल्यास : रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, आजूबाजूचा विस्तव व अवजारे दूर करावीत. तोंडात चमचा, पाणी वा औषध घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास किंवा एकामागून एक झटके येऊ लागल्यास रुग्णास तातडीने रुग्णालयात आणावे. तेथे डायझेपाम, लोराझेपाम वा मिडाझोलाम ही गाबाचे बळ तत्काळ वाढवणारी औषधे दिली जातात.

वही बदलली तेव्हा

त्या मार्चअखेरीच्या घटनेनंतर आम्ही आमच्या पद्धतीत काही बदल केले. मज्जासंस्थेच्या औषधांची नोंद आता स्वतंत्र वहीत होते. प्रत्येक औषधाचा किमान तीन महिन्यांचा साठा ठेवला जातो आणि तो त्याखाली जाताच मागणी नोंदवली जाते, महिना मार्च असो वा अन्य कोणताही. नियमित रुग्ण ठरलेल्या दिवशी आला नाही, तर आरोग्यसेविकेमार्फत किंवा दूरध्वनीने चौकशी केली जाते. आणि खिडकीवरून साठा नाही असे सांगून रुग्णास परत पाठवण्याचा अधिकार आता कोणासही नाही. तसा प्रसंग आलाच, तर डॉक्टरांना विचारून पर्यायी व्यवस्था करावी लागते.

फिनोबार्बिटोन हे १९८५ च्या मादक व मनोप्रभावी पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. त्याच्या नोंदी काटेकोर ठेवाव्या लागतात आणि त्यात नफाही अत्यल्प असतो. त्यामुळे लहान गावांतील दुकानांत ते सहज मिळत नाही. ज्या मातेस आमच्या खिडकीवरून रित्या हाताने परत जावे लागते, तिला दुसरी खिडकी सहसा नसते. हे तेव्हा आम्हांस ठाऊक असावयास हवे होते.

वाणिज्य शाखेच्या अभ्यासात आम्हांस शिकवले गेले होते की, गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल. औषधशास्त्राने आम्हांस याची दुसरी बाजू शिकवली. मज्जासंस्थेच्या रुग्णाचे खरे भांडवल त्याच्या रक्तातील ती पातळी आहे. रोजच्या गोळीने ती टिकते आणि गोळी थांबली की घटत्या शिलकेने उतरू लागते. रुग्णालयाच्या कपाटातील साठा हा त्या भांडवलाचा पाठीराखा आहे.

देणगीदार बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे. यंत्रसामग्रीसाठी दिलेली देणगी भिंतीवरील फलकावर दिसते, ती अवश्य द्यावी. परंतु एका रुग्णाच्या वर्षभराच्या गोळ्यांची जबाबदारी घेणारी लहान देणगीही आम्हांस तितकीच मोलाची आहे. तिचे फलित कोणत्याही फलकावर दिसत नाही. कोणाला तरी झटका आला नाही, कोणी तरी चुलीत पडले नाही, एवढेच ते असते. रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती अशी की, झटके थांबले म्हणजे आजार गेला, असे समजू नये. दोन किंवा अधिक वर्षे झटके न आल्यावर गोळी बंद करावी का, याचा निर्णय डॉक्टर घेतात आणि ती हळूहळू कमी करीत नेतात.

ती मुलगी आजही दर महिन्यास गोळी नेण्यासाठी येते. आता ती एकटी येते आणि वहीत स्वतः सही करते. सही करताना ती वही डाव्या हाताने दाबून धरते. ती वही उघडताना आम्ही शिल्लक साठ्याचा रकाना प्रथम पाहतो.